१४ नंबरच्या पोराला आज चेंडू लागलाच नाही

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा.

बेळगावात ८ वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल लीग. सातास सात, मोठ्यांच्या मैदानाचा अर्धा तुकडा, मोठ्यांचाच ५ नंबरचा चेंडू. कडेला १४ नंबरचा बिब (शर्टावरनं घालायचं बिनबाह्यांचं जाकीट) घातलेलं एक पोरगं बसलेलं. बिब गुडघ्यापर्यंत आलेला, शिन गार्ड घट्ट बांधलेले. रेफ्रीची शिट्टी वाजली की उठायचं, सरांकडं बघायचं, मोजा वर ओढायचा, परत बसायचं. शेवटची २ मिनिटं उरली तेव्हा त्याला आत घेतलं. चेंडू तोवर पलीकडच्या टोकाला. मॅच संपली. बाहेर येऊन वडलांना विचारतोय, "पप्पा, मी पुढं खेळलो की मागं?"

वडलांना काय सांगावं कळेना.

त्या सरांना नावं ठेवून काही होणार नाही. नियमांच्या कागदावर "बदली कितीही, केव्हाही" एवढंच छापलेलं. मॅच बरोबरीत असेल आणि टेबलात पॉइंट मोजले जात असतील, तर कुठलाही सर कच्च्या पोराला शेवटपर्यंत बसवून ठेवणारच. म्हणून बदलीचा नियम असा लिहायचा की सरांच्या हातात ते राहूच नये.

माझं म्हणणं असं. मॅच १०-१० मिनिटांच्या ४ क्वार्टरची ठेवायची. मैदानात सातऐवजी एका बाजूचे ४. म्हणजे भरायच्या जागा १६. संघात ६ पोरं असतील तर चौघांना ३-३ क्वार्टर, दोघांना २-२. सात असतील तर दोघांना ३, पाचांना २. आठ असतील तर सगळ्यांना बरोबर २. आठाच्या वर एकही नाव घ्यायचं नाही, दुसरा संघ करायचा. हा तक्ता मॅचच्या आधी लिहून रेफ्रीकडं द्यायचा, आणि क्वार्टर सुरू असताना बदली फक्त दुखापतीला. आयत्या वेळी कोण आलं नाही तर पहिल्या शिट्टीच्या आधी तक्ता नवा लिहायचा, नंतर नाही. पळवाट नेहमी चौथ्या क्वार्टरलाच निघते. "ह्याचं पोट दुखालंय" म्हणून कच्चं पोरगं बाहेर आणि तगडं आत. त्याला उपाय एकच, दुखापतीच्या जागी ज्याचे सगळ्यात कमी क्वार्टर झालेत तेच पोरगं जाईल, असं कागदावर आधीच लिहून ठेवायचं.

चारास चार का, म्हणून विचारणारे येतीलच. सातास सातमध्ये ६-७ वर्षांची पोरं मधमाश्यांसारखी एका ठिकाणी गोळा होतात. चौदातली दहा चेंडूभोवती, त्यातल्या दोघा-तिघांनाच पाय लागतो, बाकीची नुसती धूळ खातात. चौघांत लपायला जागा नसते, चेंडू फिरून फिरून येतोच. ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद एवढं मैदान बास. मोठ्या मैदानावर मध्ये वाट सोडून अशी ६ आखता येतात. एका वेळी ४८ पोरं खेळतात आणि बाकावर जवळजवळ कोण उरत नाही. जर्मनीसारख्या देशाच्या फुटबॉल संघटनेनं लहान्यांसाठी छोटे संघ आणि छोटे गोल हीच पद्धत घेतली. आपण मात्र ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोलात सव्वा मीटरचं पोरगं उभं करतोय आणि वरून गोल गेला की त्यालाच ओरडतोय.

ह्या वयात गोलकीपर ठेवूच नका. गोल सव्वा मीटर उंच, पावणेदोन मीटर रुंद, बस्स. गोलसमोर ३ मीटरची रेघ मारा आणि तिच्या आत दोन्हीकडचं कोणीही उभं राहायचं नाही. ही रेघ विसरलात तर कोणीतरी एक दांडगं पोरगं गोलच्या तोंडाशी रोवणारच, कारण ऑफसाइड (समोरच्यांच्या मागं गोलजवळ टपून राहू न देणारा नियम) ह्या वयात नको. पोरं मोठी होऊन सातास सात खेळायला लागेपर्यंत तो शब्दसुद्धा काढू नका.

गोलवरनं आठवलं, आणि हे चेष्टेवारी नेऊ नका. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधनं वेल्डिंग करून आणलेले लोखंडी गोल मैदानावर नुसते उभे असतात. वरच्या दांडीला पोरं लोंबकळतात. दांडीचं वजन पुढं, मागं काहीच नाही, गोल सरळ तोंडावर येतो. जगभर असल्या गोलांखाली पोरं मेलीत. मागच्या आडव्या पाइपवर वाळूची भरलेली पोती ठेवा, दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोका आणि मॅचच्या आधी रेफ्रीनं हातानं ढकलून बघायचं. हललं तर मॅच नाही. जमत नसेल तर दोन-दोन कोन (प्लास्टिकचे शंकू) ठेवा, गोल होतोच.

चेंडूचं सांगतो. ५ नंबर म्हणजे ६८ ते ७० सेंटिमीटर घेर, ४१० ते ४५० ग्रॅम. तो मोठ्यांचा. ह्या पोरांना ३ नंबर, घेर साधारण ५८ ते ६१. आणि सायकलच्या दुकानात नेऊन दगडासारखा टणक फुगवून आणू नका. दोन्ही अंगठ्यांनी दाबला तर थोडा आत गेला पाहिजे. पिन कोरडी घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो आणि आठ दिवसांत चेंडू बसतो, म्हणून आधी पिन ओली करायची.

त्या १४ नंबरला शेवटी पाच नंबरचा चेंडू मिळाला असता तरी काय झालं असतं? पायाला लागून दोन हात गेला असता आणि कडेनं आवाज आला असता, "काय करालास रे?"

हा कडेचा आवाज. एकीकडनं "मार, मार की!", दुसरीकडनं कन्नडमध्ये तेच, "होडी, होडी!", सर तिसरीकडनं "पास!" दोन भाषांत तीन हुकूम, आणि मध्ये सात वर्षांचं पोरगं चेंडूवर पाय ठेवून उभं. त्याचं मन लावून बघणं, ठरवणं, सगळं तिथंच मरतं. कोल्हापूरचं शाहू स्टेडियम डोळ्यांत भरलेली माणसं आहोत आपण, पेठा-पेठांच्या संघांतली ईर्षा कळते, आवडते. पण ती मोठ्यांच्या मॅचला. इथं पालक एकाच बाजूला, रेघेपासून २ मीटर मागं, गोलमागं कोणी नाही. दोन्ही सर समोरच्या बाजूला. टाळ्या वाजवा, नावं घ्या, हुकूम नकोत. एकदा समज द्यायची, दुसऱ्यांदा रेफ्रीनं खेळ थांबवायचा आणि तो पालक गेटबाहेर जाईपर्यंत शिट्टी द्यायचीच नाही. ह्यावर भांडण होणार. होऊ दे.

आता थोडं शांत होऊन लिहितो.

थ्रो-इन (बाजूच्या रेघेबाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकणं) बंद करा. दोन्ही हात डोक्यामागनं, दोन्ही पाय जमिनीवर, हे ह्या वयात जमत नाही. पाय उचलला की फाउल थ्रो, मग तिकडचं पोरगं तेच करतं, दहा मिनिटांतली तीन त्यातच जातात. चेंडू रेघेवर ठेवून पायानं आत ढकलायचा, समोरची पोरं ३ मीटर लांब, थेट गोल धरायचा नाही.

गोल-किकला (समोरच्यांकडनं चेंडू गोलच्या रेघेबाहेर गेला की आपण मारतो ती) समोरच्या संघानं मधल्या रेघेच्या मागं जायचं आणि आपल्यातल्या दुसऱ्या पोराचा पाय चेंडूला लागेपर्यंत पुढं यायचं नाही. हा नियम नसला की काय होतं ते आज सगळ्यांनी बघितलं. ह्या पोरांची किक जेमतेम ८-१० मीटर जाते, समोर तिघं टपून बसलेली, किक मारली की गोल, परत किक, परत गोल. ६-० झालं आणि गोलकीपर पोरानं चेंडूला हात लावायचंच सोडलं.

म्हणून फरकाचाही नियम हवा. ४ गोलांचा फरक पडला की मागं पडलेल्या बाजूला एक पोरगं वाढवायचं. फरक २ वर आला की बाहेर काढायचं.

हेडिंग नाहीच. अमेरिकेच्या संघटनेनं २०१५ सालीच १० वर्षं आणि त्याखालच्या पोरांना ते बंद करायचं जाहीर केलं. मुद्दाम डोकं लावलं तर समोरच्याला इनडायरेक्ट किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत), ओरडायचं नाही.

मैदान. आपली तांबडी माती वरनं मऊ दिसते, खाली चिऱ्याचे खडे. मॅचच्या आधी दहा मोठ्या माणसांनी हातभर अंतर ठेवून ओळीनं चालत खडे वेचायचे, पंधरा मिनिटांचं काम आहे. मधल्या क्रिकेटच्या पिचवर मैदान आखू नका, तिथं पडलं की कोपर सोलतंच. रेघा मारायला चुना तर बिलकूल नको. ओला झाला की कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर विचारूच नका. साधी पांढरी रांगोळी आणा.

पॉइंट-टेबल ८ वर्षांखाली नको. मला माहीत आहे, ट्रॉफी ठेवली नाही तर संघ येत नाहीत आणि प्रायोजकही येत नाही, हे खरं आहे. मग प्रत्येक पोराला सारखं मेडल द्या, तेवढ्याच पैशात होतं.

आयोजकांनी पदरचे पैसे घातलेत, पहाटे ५ ला येऊन मैदान आखलंय, तेही मान्य. रागानं लिहितोय ते त्यांच्यावर नाही. कॅम्पापासनं अनगोळपर्यंत आणि खानापूरकडनंसुद्धा पोरं स्कूटरवर मागं बसून, बूट मांडीवर घेऊन आली होती. सहाला उठली असतील. त्यातलं एक घरी जाताना आपण खेळलो कुठं हे विचारत गेलं.

पुढच्या रविवारसाठी ३ नंबरचे चेंडू आणि कोन कमी पडत असतील तर सांगा, आपल्यातच गोळा करू. रांगोळीची दोन पोती मी आणतो. तक्ता मात्र शनिवारी रात्रीच लिहून ठेवा, आणि त्यात पहिल्या क्वार्टरच्या पहिल्या ओळीत १४ नंबर लिहा.