सोलर स्टिलचे २० लिटर: हिशोब कुठे चुकतो?

उन्हाळा लागला की ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: एक चौरस मीटरची पेटी आतून काळी रंगवा, वर तिरकी काच बसवा, खारं पाणी काठोकाठ भरा आणि रोज २० लिटर शुद्ध पाणी फुकट मिळवा. काच दुहेरी लावली, मेण किंवा नॅनो पावडर (अतिसूक्ष्म कणांची पूड) वापरली तर तिप्पट. खारपाणपट्ट्यातला पिण्याचाच काय, शेतीचाही प्रश्न मिटला!

अशा पेटीला सोलर स्टिल म्हणतात: उन्हाने पाण्याची वाफ होते, ती काचेच्या आतल्या बाजूला जमते आणि थेंब पन्हळीत उतरतात. सोलर स्टिल थोतांड नाही, ही पेटी पाणी देतेच. किती देते आणि ते कशाने वाढतं, याबद्दल मात्र मेसेज बेधडक ठोकून देतो.

आधी ते २० लिटर घेऊ. आपल्याकडे कडक उन्हाच्या दिवशी एक चौरस मीटरवर साधारण ६ युनिट ऊर्जा पडते, विजेच्या बिलातलीच युनिट. एक लिटर पाण्याची वाफ करायला अप्रकट ऊष्मेपोटी, म्हणजे पाण्याचं तापमान न वाढवता नुसती त्याची वाफ करण्यात खर्च होणाऱ्या उष्णतेपोटी, सुमारे ०.६५ युनिट लागतात. म्हणजे उन्हाचा एक कणही वाया गेला नाही तरी ९ लिटर. २० लिटरला १३ युनिट हवीत, ती आणायची कुठून? त्यात काच काही ऊन परतवते, तळातून आणि बाजूंनी उष्णता निसटते. चांगल्या साध्या पेटीच्या हाती ३ ते ४ लिटर पडतात. चिलीच्या वाळवंटात लास सालिनास इथे १८७२ साली चार्ल्स विल्सन या इंजिनिअरने अशाच पेट्यांवर साडेचार हजार चौरस मीटरच्या आसपास काच अंथरली होती. जगातल्या सर्वाधिक उन्हाच्या मुलखांपैकी तो एक, तरी चौरस मीटरमागे मिळायचे दिवसाला ५ लिटरच्या आसपास. भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेने १९७८ मध्ये जवळच्या अवाणिया गावात उभारलेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५,००० लिटर होती आणि क्षेत्र सुमारे १,८७० चौरस मीटर. भागाकार तुम्हीच करा.

"पाणी काठोकाठ भरा" हा सल्ला तर उलटाच. १० सेंटिमीटर भरलं तर पेटीत १०० लिटर पाणी झालं. ते ३० अंशांवरून ६० वर न्यायलाच साडेतीन युनिट जातात, दिवसाच्या कमाईतली निम्म्याहून जास्त. त्यातली थोडी रात्री वाफेच्या रूपाने परत येते, पण बरीचशी पेटीच्या बाजूंनी निघून जाते. पाणी १-२ सेंटिमीटरच ठेवावं. त्याहून उथळ ठेवायचा मोह झाला तर ट्रे आधी लेव्हलमध्ये आहे का पाहा. नसेल तर दुपारपर्यंत एक कोपरा कोरडा पडतो, तिथे मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो आणि ऊन परतवायला लागतो. तळावर काळं कापड किंवा काळं केलेलं गोणपाट अंथरलं की ते पाणी शोषून सगळीकडे ओल धरतं. स्वस्तातली एवढी चांगली सुधारणा मला दुसरी माहीत नाही.

दुहेरी काच सोलर कुकरला शोभते. कुकरमध्ये उष्णता कोंडायची असते. इथे वाफेला थंड पृष्ठभाग लागतो, आणि तो पृष्ठभाग म्हणजे काचच. वर दुसरी काच ठेवली की आतली गरम राहते, वाफ जमत नाही, पाणी घटतं. काच एकच हवी, दक्षिणेकडे उतरती, आपल्या अक्षांशाइतक्या उताराची, म्हणजे महाराष्ट्रात १६ ते २२ अंश. उतार फारच कमी असेल तर थेंब पन्हळीपर्यंत न जाता पुन्हा ट्रेमध्येच टपकतात.

मेण आणि नॅनो पावडर. मेण वितळताना उष्णता साठवतं आणि संध्याकाळी परत देतं, नवीन उष्णता तयार करत नाही. तुमचं पाणी ५५ अंशांवर जातच नसेल तर ६० ला वितळणारं मेण म्हणजे पेटीखालचं ओझं. "तिप्पट" वाचलं की कशाच्या तिप्पट, हे आधी विचारावं. रोज एक लिटर देणाऱ्या गळक्या पेटीशी तुलना केली तर काहीही तिप्पट होतं. पावडरीआधी सकाळी काचेच्या कडेने बोट फिरवून पाहा. सांध्याबाहेर ओल लागली तर वाफ तिथूनच पळतेय. सिलिकॉन सीलंट आणि तळाखाली जाड थर्मोकोल, आधी हे करा.

खरी उडी एकाच गोष्टीने मिळते: वाफ जमताना सोडते ती उष्णता पुढच्या थरातलं पाणी तापवायला वापरायची. एमआयटी आणि शांघाय जिआओ टोंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दहा थरांच्या छोट्या उपकरणातून चौरस मीटरमागे ताशी ५.७८ लिटर इतका वेग दाखवला, कार्यक्षमता ३८५ टक्के. तीच उष्णता पुन्हापुन्हा वापरल्यामुळे शंभराच्या वरचा आकडा शक्य झाला. तेव्हा २० लिटर अशक्य नाहीत, पण एका काचेच्या पेटीतून ते निघणार नाहीत.

शुद्धतेचा दावा बराचसा खरा आहे. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट ट्रेमध्येच राहतात. पेट्रोलसारखे उडून जाणारे पदार्थ आणि काही कीटकनाशकं मात्र वाफेबरोबर येतात, आणि आत साधा ऑइलपेंट मारला असेल तर त्याचा वासही.

राहिली शेती. चौरस मीटरला ३ लिटर म्हणजे ३ मिलिमीटर. उन्हाळी पिकाला रोज ५ मिलिमीटरच्या आसपास लागतात. अख्खा एकर काचेखाली घातला तरी दुसरा एकर भिजणार नाही!

पाच जणांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरले तरी आठेक चौरस मीटर काच लागेल. ती बसवणारच असाल तर पावसाचं पाणी धरायला काचेच्या बाहेरच्या बाजूलाही पन्हळ लावा. त्याहून सोपं म्हणजे घराचं छप्पर. खारपाणपट्ट्यातल्या अकोल्याकडे वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. छपराच्या ३० चौरस मीटर पत्र्यावरून, गळती-सांडणी वजा जाता, १८,००० लिटर गोडं पाणी उतरतं, आणि याच घराची वर्षाची गरज ९,००० लिटरच्या थोडी वर आहे. खर्च टाकीचा आहे. तरी त्या मेसेजमध्ये छपराचा उल्लेख कधी दिसला नाही.