मेटाकुटीचे कोडे

शब्दकोड्याचे शेवटचे घर भरायचे, पेन्सिल कानावर खोचायची आणि निवत आलेल्या चहाचा घोट घ्यायचा, हे सुख मी सुमारे चाळीस वर्षे बिनतक्रार उपभोगले. बायकोने भाजी आणायला पिटाळण्यापूर्वीचे ते अर्धे मिनिट पूर्णपणे माझे असे. गेल्या पावसाळ्यात त्या अर्ध्या मिनिटाला दृष्ट लागली, कारण शेवटचे घर भरल्यानंतरच ज्याची खरी सुरुवात होते अशा कोड्यांची आमच्या कट्ट्यात साथ आली.

आमचा कट्टा म्हणजे एरंडवण्यातल्या कमला नेहरू उद्यानातील एक बाक आणि त्यावर न मावणारी पाच माणसे. मराठीच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाई म्हणतात, बँकेत हयात घालवलेले काका, डॉक्टर, मी, आणि पस्तीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधन केलेले आमचे अण्णा. अण्णांना आजही लग्नपत्रिका आली की ते आधी वेलांट्या तपासतात आणि मग मुहूर्त पाहतात. एकदा उपाहारगृहात त्यांनी मेनूकार्डातल्या अकरा चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या होत्या आणि तोवर मागवलेला साबुदाणा वडा गार होऊन दगड झाला होता. अण्णांचा हा स्वभाव नीट लक्षात ठेवावा. आम्ही तो ठेवला नाही आणि त्यामुळेच पुढचे सगळे घडले.

साथ आणली ती अण्णांच्या न्यू जर्सीतल्या नातवाने. तिकडे या प्रकाराला ‘मेटा’ म्हणतात. आडवे-उभे शब्द भरून झाले की कोड्याच्या पोटात आणखी एक उत्तर दडलेले असते आणि त्याच्यासाठी स्वतंत्र सूचक शब्द नसतो. हाताशी असते ते कोड्याचे शीर्षक आणि फार तर एखादा प्रश्न. कसे शोधायचे हे कोणी सांगत नाही, किंबहुना ते शोधणे हेच कोडे. मॅट गॅफनी नावाचे कोडेकार २००८ पासून दर आठवड्याला असे एक कोडे रचत आले आहेत, आणि ते महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सोपे असून पुढे चढत्या भाजणीने अवघड होत जाते. ‘द वॉल स्ट्रीट जर्नल’ या दैनिकात शुक्रवारी असे स्पर्धेचे कोडे येते, रविवारच्या मध्यरात्रीपर्यंत उत्तर धाडायचे असते आणि अचूक उत्तरांतून चिठ्ठी निघालेल्या एकाला त्या दैनिकाचा कप मिळतो. अण्णांनी ही सर्व माहिती दिल्यावर बाई एवढेच म्हणाल्या, “मेटा म्हणजे मेटाकुटीतला ना?” त्या दिवसापासून आमच्याकडे या प्रकाराला मेटाकुटी हेच नाव पडले. नातवाला ते कळवले तेव्हा त्याने अंगठा पाठवला.

अण्णा दर शुक्रवारी स्वतः रचलेले कोडे छायाप्रती काढून आणू लागले. इंग्रजीत एका घरात एक अक्षर मावते आणि गोष्ट तिथेच संपते. आपल्याकडे घरात काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर असा सगळा कुटुंबकबिला राहायला येतो. ‘क्षत्रिय’ हा शब्द तीन घरांत बसतो, पण आडव्या शब्दातल्या ‘त्रि’ला उभ्या शब्दात ‘त्रि’च सापडला पाहिजे, ‘त्री’ चालत नाही. मराठी कोडेकाराचे निम्मे आयुष्य असे योग्य स्थळ शोधण्यात जाते. काही कोडेकार ऱ्हस्व-दीर्घाकडे कानाडोळा करून संसार साजरा करतात. अण्णा तसे करणाऱ्यांतले नव्हेत, हेही आम्हाला ठाऊक होते.

पहिली मेटाकुटी मला सुटली, आणि ती कशी सुटली हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चार मोठे शब्द होते: डोळेझाक, कानमंत्र, नाकतोडा आणि जिव्हाळा. खाली प्रश्न होता, ‘पाचवे कोण?’ दोन दिवस मी या चौघांतले नाते शोधत होतो. कीटकांची यादी करून पाहिली, राजकारणातले शब्द म्हणून पाहिले, चारही शब्द उलटे वाचून पाहिले. त्यातला ‘ळाव्हाजि’ हा शब्द मी मोठ्याने म्हटलेला बायकोने ऐकला आणि डॉक्टरांना फोन लावू का, असे विचारले. रविवारी सकाळी सलूनमध्ये खुर्चीवर बसलो असता न्हाव्याने वस्तऱ्यासाठी माझा उजवा कान दुमडला आणि त्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला. कान! डोळे, कान, नाक, जिव्हा! मी “त्वचा!” असे ओरडून उठलो. न्हाव्याला वाटले की ती त्याने कापली. त्याने तुरटी शोधायला घेतली, शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ अर्धी मिशी घेऊन उठून उभे राहिले, आणि मी मात्र गळ्यातल्या पांढऱ्या कापडासह अण्णांना फोन लावत होतो. असा आनंद मला पदोन्नतीच्या पत्रानेही दिला नव्हता.

याच आनंदाच्या आशेवर माणूस पुढच्या दहा शुक्रवारी आपली झोप गहाण टाकतो.

ज्या कोड्याने आमची खरी परीक्षा पाहिली त्याचे शीर्षक होते ‘सुट्टीचा दिवस’. नऊ बाय नऊ घरे आणि खाली प्रश्न: ‘या कोड्यात काय आहे? (चार अक्षरे)’. कागद वाटताना अण्णांनी, कोणी विचारले नसताना, एक गोष्ट सांगितली. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या पुरवणीत शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले शब्दकोडे छापले, तेव्हा त्याचे नाव ‘वर्ड-क्रॉस’ होते. काही आठवड्यांनी छपाईत कोणाच्या तरी हातून शब्दांची उलटापालट होऊन ‘क्रॉस-वर्ड’ झाले आणि तेच रूढ झाले, असे सांगतात. “म्हणजे बघा,” अण्णा म्हणाले, “चुकीतूनसुद्धा काहीतरी निघते.” एवढे बोलून ते शेंगदाणे खात बसले. आम्ही ती गोष्ट माहितीपर म्हणून ऐकली आणि सोडून दिली.

कोडे भरायला वीस मिनिटे लागली आणि विसाव्या मिनिटाला बाईंचा आवाज चढला. “अहो, यात गडबड आहे!” एक आडवा ‘गुलाब’ होता आणि एक उभा ‘गूळ’. पहिले घर दोघांचे सामाईक. गुलाबाला ऱ्हस्व गु हवा, गुळाला दीर्घ गू. मी माझ्या कागदावर पाहिले तर नऊ आडवा ‘डुलकी’ होता आणि चार उभ्यातला ‘लाडू’ त्याच्याच पहिल्या घरात येऊन संपत होता. काकांना ‘बुरशी’ आणि ‘बूट’ सापडले. डॉक्टरांना ‘वडील’ आणि ‘डिवचणे’ यांची टक्कर दिसली, जी अनेक घरांत दिसते. साहित्य महामंडळाचे १९६२ मधले चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार असे शुद्धलेखनाचे अठराही नियम बाईंना मुखोद्गत आहेत. त्यांनी बाकावरून उठून, अकारान्त शब्दाचा उपान्त्य उकार दीर्घ असतो, गूळ दीर्घ, गुळाचा मात्र ऱ्हस्व, बूट दीर्घ, बुटाचा मात्र ऱ्हस्व, असा जो पाठ सुरू केला, त्याने जवळून फेऱ्या मारणारे तिघे जण थबकले आणि त्यांतल्या एकाने ‘आशीर्वाद’मधली वेलांटी कोणती, हे विचारून घेतले.

खरे सांगायचे तर आम्हा चौघांना फार बरे वाटले. एका नामांकित मुद्रितशोधकाच्या कोड्यात एक सोडून चार चुका, आणि त्याही वेलांटी-उकाराच्या! पुण्यात यापेक्षा मोठे सुख सांडलेले मला तरी सापडलेले नाही. काका वरवर हळहळत म्हणाले, “वय झाले हो अण्णांचे.” अण्णा शांतपणे शेंगदाण्याची टरफले कागदात गोळा करत होते. मी घरी जाऊन त्यांना एक सविस्तर पत्र लिहिले. ‘स. न. वि. वि. आपल्या कोड्यात पुढीलप्रमाणे गडबड आढळते’ असा मायना घालून चारही चुका अनुक्रमांकानुसार खाली नमूद केल्या आणि ‘सदर चुका वगळता कोडे चांगले आहे’ असा औदार्याचा शेवट केला. मग खऱ्या उत्तराच्या शोधाला लागलो.

पुढचे दोन दिवस म्हणजे निव्वळ हाल होते. काकांनी कोड्यातले सर्व अनुक्रमांक, म्हणजे एक ते अठ्ठावीस, यांची बेरीज केली. ती ४०६ आली. पुण्याचे पिनकोड ४११ ने सुरू होतात. पाच कमी पडले म्हणून त्यांनी ‘पाच’ हा आकडा कुठे दडला आहे ते शोधण्यात शनिवारची दुपार घालवली. डॉक्टरांनी कागद खिडकीच्या काचेवर धरून काळ्या घरांत काही आकृती दिसते का ते पाहिले. त्यांना फुप्फुस दिसले, पण त्यांना ते सगळीकडेच दिसते. बाईंनी आडव्या शब्दांची आद्याक्षरे ओळीने लिहिली आणि त्यातून ज्याला मंत्र म्हणता येईल असे काहीतरी तयार झाले.

मी मात्र उत्तर शोधून काढले, आणि त्याची आठवण आली की आजही कानशिले तापतात. कोड्यात ‘सोमरस’ होता आणि ‘गुरुकिल्ली’ होती. सोम आणि गुरु हे वार झाले, आणि शीर्षकात ‘दिवस’ होताच. पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत. आता गुरुकिल्ली म्हणजे किल्लीच गुरुवारात आहे, असे कोडेकार उघड सांगतो आहे. गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. आणि वेताळ काय करतो? कोडी घालतो! रात्री एक वाजता हे सुचले तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो. इतके देखणे उत्तर चुकीचे असूच शकत नाही, असे त्या वेळी वाटते. अडचण एवढीच होती की वेताळाची तीनच अक्षरे भरतात, म्हणून मी त्याला आदरार्थी ‘वेताळबा’ केले आणि व्हॉट्सॲपवर अण्णांना पाठवून दिले. सोबत सोळा ओळींचे स्पष्टीकरण होते. उत्तर खरे असते तर एकही ओळ लागली नसती, हे शहाणपण मला रात्री एक वाजता कुठून असणार! अण्णांनी सकाळी सहा वाजता नमस्काराचे चित्र पाठवले आणि त्यातून काहीही कळेना.

रविवारी सकाळी बाकावर आम्ही जमलो तेव्हा सगळ्यांचे डोळे तांबारलेले होते. अण्णांनी पिशवीतून पाव किलो बाकरवडी काढून मांडीवर ठेवली. ते बक्षीस होते. “कोणी उत्तर दिले का?” डॉक्टरांनी विचारले.

“दिले की. चौघांनीही दिले. पहिल्याच दिवशी, वीस मिनिटांत.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. अण्णांनी खिशातून माझे पत्र काढले आणि बाईंच्या हातात देऊन म्हणाले, “यातल्या चार चुकांची घरे ओळीने वाचा. उकार-वेलांटी काढून टाका, नुसती अक्षरे वाचा.”

बाई वाचू लागल्या. गुलाब-गुळाचा ग. डुलकी-लाडवाचा ड. बुरशी-बुटाचा ब. वडील आणि डिवचण्याचा ड. चौथ्या अक्षराला त्या थांबल्या, चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

“मी विचारले होते, या कोड्यात काय आहे,” अण्णा म्हणाले. “तुम्ही तर तेव्हाच उठून ओरडलात. या दोघांनी मान डोलावली. यांनी तर लेखी कळवले, तेही अनुक्रमे. माझी पस्तीस वर्षे मुद्रितशोधनात गेली. मी सुट्टीवर गेलो तर काय होईल, असा त्या शीर्षकाचा अर्थ होता.”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी, उत्तर चौघांनी दिलेले असल्याने बाकरवडीचे चार समान भाग व्हावेत, असा मुद्दा मांडला. अण्णांचे म्हणणे असे की उत्तर तोंडातून निघाले असले तरी ते उत्तर म्हणून दिलेले नव्हते, तक्रार म्हणून दिले होते, आणि तक्रारीला बक्षीस द्यायचे ठरले तर पुण्यात बाकरवडी पुरणार नाही. शेवटी पुडा फोडला आणि पाचही जणांनी खाल्ला. मला दोन दिवस स्वतःचा राग येत होता आणि त्याच वेळी ते कोडे दाखवण्यासाठी मी घरी येईल त्याला धरून बसवत होतो. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही मी ते समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग वेताळाचे काय झाले?”

त्यानंतरच्या शुक्रवारच्या कोड्यात तेरा आडवा हा अनुक्रमांक दोनदा छापलेला होता आणि चौदा आडवा नव्हताच. या वेळी आम्ही तोंडातून अवाक्षर काढले नाही. काकांनी दोन तेरांची बेरीज सव्वीस करून बाराखडीत मोजली. डॉक्टरांनी तीन तेराचा संबंध लावला आणि मी सव्वीस जानेवारीवर एक पान लिहिले. बाईंनी चौदा विद्यांपैकी कोणती विद्या हरवली असावी, याचा शोध घेण्यासाठी जुनी पुस्तके माळ्यावरून उतरवली. रविवारी हे सगळे अण्णांसमोर ठेवले तेव्हा त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी खिशातले लाल पेन काढून दुसऱ्या तेरावर काट मारली आणि खाली चौदा लिहिले.

“चूक आहे,” ते अगदी हळू म्हणाले. “साधी चूक आहे.”

बाईंनी हे अद्याप मान्य केलेले नाही.