प्रतिक्रियेला उत्तर : डेनहोल आणि पेव

आपली प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून तिला दोन ओळींत उत्तर देणे योग्य वाटले नाही. डेनहोल म्हणजे शेतजमिनीत घालायचा खडू काढण्याच्या खाणी, हे माझ्या मूळ लेखातले मत आपल्याला पटलेले नाही. इंग्लंडच्या केंट आणि एसेक्स परगण्यांतील डेनहोल, म्हणजे विहिरीसारख्या अरुंद विवराच्या तळाशी खडूच्या थरात कोरलेली दालने, ही धान्याची कोठारे असावीत, कारण आपल्याकडच्या पेवाचे तोंडही असेच अरुंद असते. शिवाय मैलभरावर खडू उघड्यावर मिळत असताना त्यासाठी ऐंशी फूट खोल कोण जाईल, असे आपले म्हणणे आहे.

खडूत धान्य टिकत नाही, हे माझे विधान चुकीचेच होते. हॅम्पशायरमधील डेनबरीच्या लोहयुगीन गढीत खडूत खणलेली पेवे मोठ्या संख्येने सापडली आहेत. तोंड घट्ट लिंपले की कडेचे दाणे मोड येताना आतला प्राणवायू संपवतात आणि उरलेले धान्य सुरक्षित राहते, हे पुरातत्त्वज्ञ पीटर रेनॉल्ड्स यांनी बटसर येथील प्रयोगांत दाखवले. परंतु ती पेवे माणूसभर, फार तर दोन माणूस खोल आहेत. धान्यासाठी ऐंशी फूट उतरण्याचे कारण दिसत नाही. खडूसाठी मात्र दिसते, कारण वरच्या वाळूच्या जाड थराखालीच तो लागतो. तोंड अरुंद ठेवले की निरुपयोगी वाळू कमी उपसावी लागते आणि वरची शेतजमीनही वाया जात नाही.

मैलभरावरच्या खडूचा प्रश्न मात्र जुना आहे. एसेक्समधील ग्रेजजवळच्या हँगमन्स वूड या रानात अशी सत्तरांहून अधिक विवरे आहेत. एसेक्स फील्ड क्लब या निसर्ग-अभ्यासकांच्या मंडळातर्फे 1884 आणि 1887 मध्ये तेथे उतरलेले होम्स आणि कोल याच कारणाने गुप्त कोठारांच्या मताकडे झुकले. (त्या काळात ड्रुइड पुरोहितांपासून डेन हल्लेखोरांपर्यंत तर्कांचेच पेव फुटले होते.) शेजारची दालने एकमेकांना जोडलेली नाहीत, हाही त्यांचा आधार होता, पण मधली भिंत राखली नाही तर छत कोसळते, हे खाणकामगाराला सांगावे लागत नाही. एकाच जागी इतकी विवरे का, याचे समाधान मात्र माझ्या मांडणीतून होत नाही, हे मान्य करतो.

तरीही खाणींकडचा माझा कल बदलत नाही, तो रोमन लेखक प्लिनीमुळे. ब्रिटनमध्ये जमिनीला घालायचा पांढरा खडू शंभर फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि आत रुंदावणाऱ्या विवरांतून काढतात व त्याचा गुण ऐंशी वर्षे टिकतो, असे त्याने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. त्यावरून आजची विवरे रोमन काळातली ठरत नाहीत. त्यांपैकी बहुतेक मध्ययुगीन मानली जातात. मूळ लेखात मी या दोन गोष्टींची गल्लत केली होती, ती आणि धान्याविषयीचे वाक्य आज दुरुस्त केले आहे.