एकाच सर्व्हरवर रेप्लिका सेट कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: स्वतःच्या एका सर्व्हरवर मोंगोडीबी हा डेटाबेस चालवायला रेप्लिका सेट (एकाच डेटाच्या प्रती सांभाळणाऱ्या सर्व्हरचा गट), पासवर्ड, रिस्टोअरची म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणण्याची तालीम असला पसारा मांडून मी नवख्यांना घाबरवतोय. फायरवॉल आहे, रोज रात्री आरसिंक या फायली कॉपी करणाऱ्या साधनाने डेटा फोल्डर उचलला की बॅकअप झाला, आणि चार वर्षांत रिस्टोअर करायची वेळ आलेली नाही. नाहीतर सरळ पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरावा.

रिस्टोअर कधी केलंच नाही, तर तो बॅकअप आहे हे कशावरून? मोंगोडीबीचं डेटा साठवणारं इंजिन, वायर्डटायगर, प्रत्येक कलेक्शनची (नोंदींच्या संचाची) आणि प्रत्येक इंडेक्सची वेगळी फाइल ठेवतं. या सगळ्यांचा मेळ सांगणाऱ्या मेटाडेटाच्या फायली आणखी निराळ्या. साधारण दर 60 सेकंदांनी चेकपॉइंट होतो, म्हणजे तोवरचा डेटा सुसंगत अवस्थेत डिस्कवर उतरतो. आरसिंक मात्र या फायली एकेक करून उचलतो. पहिली आणि शेवटची फाइल उचलण्याच्या दरम्यान डेटाबेसमध्ये लिखाण चालूच असतं. अशी प्रत कधी उघडते, कधी उघडत नाही. रात्री लिखाण जवळपास नसेल तर निभावून जातं, पण तो नशिबाचा भाग. फोल्डरच उचलायचा असेल तर मोंगोडी (मोंगोडीबीचा सर्व्हर प्रोग्राम) बंद करून उचला, किंवा एलव्हीएम अथवा झेडएफएस या डिस्क सांभाळणाऱ्या प्रणालींचा स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणाची गोठवलेली प्रत, घ्या. त्यात डेटा आणि जर्नल (ताज्या लिखाणाची नोंदवही) एकाच व्हॉल्यूमवर हवेत.

आता रेप्लिका सेट. ‘मशीन एकच, मग रेप्लिका कुणाची?’ हा टोमणा झकास आहे. एका नोडचा (एकाच सर्व्हरचा) सेट मशीन बंद पडलं तर काहीही वाचवत नाही, आणि तसा दावा मी केलेलाही नाही. तो घ्यायचा ऑपलॉगसाठी, म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाच्या क्रमवार नोंदीसाठी. मोंगोडंप हे बॅकअपचं साधन चालू असताना तुमचं अ‍ॅपही चालू असतं, नोंदी बदलत असतात. मोंगोडंपला ऑपलॉगचा पर्याय दिला की त्या दरम्यानचे बदल डंपसोबत येतात, आणि रिस्टोअर करताना ऑपलॉग रिप्ले (ते बदल पुन्हा लागू करणं) सांगितलं की डंप संपतानाची सुसंगत अवस्था हाती लागते. सेटमध्ये नसलेल्या सुट्या मोंगोडीवर हे होत नाही. (हा पर्याय सगळ्या डेटाबेसच्या एकत्रित डंपलाच चालतो, एकच डेटाबेस निवडून नाही. इथे बरेच जण अडकतात.) ट्रान्झॅक्शन (अनेक बदल एकत्र, झाले तर सगळे नाहीतर एकही नाही) आणि चेंज स्ट्रीम (बदल होताच अ‍ॅपला कळवणं) हेसुद्धा रेप्लिका सेटवरच मिळतात. त्रास म्हणाल तर इतकाच: ऑथोरायझेशनसोबत (पासवर्ड आणि परवानग्यांची तपासणी चालू ठेवून) सेट चालवायला नोड एकच असला तरी कीफाइल (सेटच्या सदस्यांची सामायिक गुप्त किल्ली असलेली फाइल) लागते, तिची परवानगी 400 (फक्त मालकाला वाचता येईल अशी) ठेवायची; आणि ऑपलॉग थोडी डिस्क खातो, त्याचा आकार हाताने ठरवता येतो.

फायरवॉलबद्दल. तुम्ही डॉकर (प्रोग्राम वेगळ्या ‘कंटेनर’मध्ये चालवणारं साधन) वापरता असं लिहिलंय, म्हणून जास्तच काळजी वाटली. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये डॉकर स्वतःचे नियम लिहितो. कंटेनरचा 27017 पोर्ट (मोंगोडीबीचा नेहमीचा) पब्लिश केलात, म्हणजे मशीनबाहेर खुला केलात, की यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या साधनामध्ये तो बंद दिसला तरी बाहेरून उघडाच असू शकतो. पब्लिश करताना पोर्टच्या आधी 127.0.0.1 (लोकलहोस्ट, म्हणजे हेच मशीन) लिहा. शिवाय मोंगोडीबीच्या 3.6 आवृत्तीपासून मोंगोडी मुळात लोकलहोस्टवरच ऐकत असला, तरी ऑथोरायझेशन आजही आपणहून चालू करावी लागते. जानेवारी 2017 मध्ये हजारो मोंगोडीबी पुसून खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. त्यासाठी कुणाला काही फोडावं लागलं नव्हतं. पोर्ट उघडा होता आणि पासवर्ड नव्हता.

मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर कॅशच्या (डेटा हाताशी ठेवायला राखलेल्या रॅमच्या) आकाराला हात लावू नये, हे तुमचं पटलं. मात्र 4 जीबी रॅमच्या त्याच मशीनवर बाकी सेवाही नांदत असतील तर वायर्डटायगर आपल्यापुरते दीड जीबी धरून चालतो (एकूण रॅममधून 1 जीबी वजा करून उरलेल्याच्या निम्मे), आणि जोडण्या, सॉर्टिंग यांची रॅम त्यावर वेगळी. तिथे मर्यादा घालाच.

राहिलं ‘अपग्रेड म्हणजे नवं पॅकेज टाकणं’. मोंगोडीबीच्या 4.4 आवृत्तीवरून थेट 7.0 वर उडी मारता येत नाही. 5.0, मग 6.0, मग 7.0, आणि प्रत्येक टप्प्यावर फीचर कंपॅटिबिलिटी व्हर्जन (डेटा कोणत्या आवृत्तीशी जुळतो ते सांगणारी सेटिंग) वर न्यायचं. ते विसरलात तर पुढची आवृत्ती सुरू व्हायलाच नकार देते. इंटेल किंवा एएमडीच्या जुन्या मशीनवर आधी प्रोसेसरला एव्हीएक्स (प्रोसेसरमधला खास सूचनांचा संच) आहे का ते पाहा, कारण 5.0 पासून ते लागतं. नसेल तर तुम्ही 4.4 वरच अडकलात, आणि तिचा सपोर्ट फेब्रुवारी 2024 मध्ये संपलाय. तिथे मशीन बदला, नाहीतर तुमचं पोस्टग्रेस आहेच. त्यात जेसनबी (जेसन स्वरूपातला डेटा साठवायचा प्रकार) 9.4 आवृत्तीपासून आहे, आणि एकमेकांत गुंतलेल्या नोंदींसाठी मीही तेच सुचवेन.