अनंत १० वर संपत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: द्रवप्रवाहाच्या गणितावरच्या संशोधन व्याख्यानात पडताळणीची (उत्तर बरोबर आहे हे दाखवणारी) स्लाइड हवीच, हा माझा हट्ट परभणी-नांदेडकडच्या मुलांना नाउमेद करतो. ४० मिनिटांत वेळ कुठला, आपल्याकडे प्रयोगशाळा कुठली, आणि बीव्हीपी४सी (अशी समीकरणं सोडवणारा मॅटलॅबमधला प्रोग्राम) बिनतक्रार चालला, कोष्टक जुन्या पेपरांशी जुळलं, तर आणखी काय पाहिजे?

वेळेचं मला पटत नाही. ‘एम (चुंबकीय क्षेत्राचा जोर दाखवणारा आकडा) वाढला की वेग घटतो’ हे एकेका आलेखावर वाचून दाखवण्यातच निम्मं व्याख्यान जातं. दोन आलेख गाळा, जागा होते.

प्रयोगशाळेचा तर इथे संबंधच नाही. विषय बहुतेकदा स्ट्रेचिंग शीटचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या पत्र्यामुळे शेजारच्या द्रवात होणाऱ्या प्रवाहाचा, आणि त्याचं मूळ उत्तर क्रेनने १९७० मध्येच देऊन ठेवलंय: वेग म्हणजे ई (२.७१८...) चा उणे ईटा घात, भिंतीवरचा (भिंत म्हणजे तो पत्राच, ईटा म्हणजे त्याच्यापासूनचं प्रमाणात मोजलेलं अंतर) उतार नेमका उणे १. चुंबकीय पद घातलं की उतार उणे ‘१ अधिक एम’चं वर्गमूळ. एम ३ ठेवला तर उणे २ यायलाच हवा. कागद-पेन पुरे.

खरी गोम आहे ती ‘अनंत’ कुठे धरलं, म्हणजे भिंतीपासून किती दूरवर गणित थांबवलं, यात. वेगासाठी ईटा १० पर्यंत नेला तर भरपूर झालं. तिथे वेग ०.००००५ सुद्धा उरत नाही. पण तेच १० तापमानालाही लावतात आणि प्रांटल नंबर (द्रवात वेग पसरण्याचं उष्णता पसरण्याशी प्रमाण) घेतात ०.०२, पाऱ्याच्या जवळपासचा. भिंतीपासून दूर तापमान ई च्या ‘उणे प्रांटल गुणिले ईटा’ घाताने उतरतं, म्हणजे १ टक्क्यावर यायला ईटा २३० च्या आसपास लागतो. एम ३ असेल तर त्याच्या दुप्पट, कारण वेगाचा थर पातळ होतो तसा तापमानाचा जाड होतो. १० वर बळेच शून्य केलं की आलेख जवळपास सरळ रेषेत येऊन अक्षावर आदळतो. एम शून्य असतानाही भिंतीवरचा तापमानाचा उतार उणे ०.०२ ऐवजी उणे ०.११ येतो. पाचपट! बीव्हीपी४सी कुरकुरत नाही, कारण दिलेलं गणित त्याने बरोबरच सोडवलंय. जुन्या पेपरातही हद्द १० च असेल तर कोष्टक जुळणारच. शिवाय बीव्हीपी४सीचा रेलटॉल (चालवून घेतली जाणारी सापेक्ष चूक) मुळात ०.००१ असतो, तो तसाच ठेवून सहा दशांश छापायचे, ही आणखी एक गंमत.

मुलांना एवढंच सांगा: हद्द दुप्पट करून पुन्हा चालवा आणि भिंतीवरच्या उताराचे जुने-नवे आकडे शेजारी-शेजारी मांडा. हलले तर हद्द तोकडी आहे. स्लाइडला मिनिटभर लागतं, आणि बाहेरच्या परीक्षकाने व्हायव्हात नेमकं हेच विचारलं तर मुलगा गडबडत नाही.

राहिला जायकवाडीच्या कालव्याला याचा उपयोग काय, हा तुमचा शेवटचा टोला. काहीच नाही, आणि वक्त्याने तसं सरळ सांगावं. सेकंदाला मीटरभर वेग आणि दोन मीटर खोली धरली तरी रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाच्या जोराचं चिकटपणाशी प्रमाण) २० लाखांच्या घरात जातो. तो प्रवाह पूर्ण टर्ब्युलंट, म्हणजे भोवऱ्यांचा; स्ट्रेचिंग शीटचं हे गणित संथ, थराथरांच्या प्रवाहाचं. पाणी सोडल्यावर शेवटच्या चारीला कधी पोचेल हे काढायला उघड्या कालव्यातल्या बदलत्या प्रवाहाची सेंट-व्हेनांची १८७१ ची समीकरणं लागतात, स्ट्रेचिंग शीट नव्हे.