‘फिटच्या गोळ्या म्हणजे स्लो पॉयझन’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

परत तोच मेसेज फिरायला लागलाय. मजकूर साधारण असा: मिरगीच्या गोळ्या म्हणजे स्लो पॉयझन, सहा महिने फिट आली नाही की आजार गेला समजा आणि गोळ्या बंद करा, नाहीतर लिव्हर-किडनी जाणार, सवय लागणार, मधे डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्या काही होत नाही, बाई प्रेग्नंट असेल तर कळल्याच्या दिवशीच बंद, आणि या सगळ्याऐवजी एक नैसर्गिक पावडर घ्या. माझ्या भावाला बरीच वर्षं हा आजार आहे, त्याच्या स्ट्रिप्स, त्याचा गोळ्यांचा डबा, डॉक्टरांकडच्या फेऱ्या सगळं जवळून बघते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. मी डॉक्टर नाही, कुणाला किती डोस हे मी सांगणार नाही, पण या मेसेजमधलं काय खरं काय खोटं एवढं तरी नीट सांगता येईल.

“सहा महिने फिट नाही म्हणजे आजार गेला, गोळी बंद करा”

सगळ्यात घातक ओळ हीच. या गोळ्या अँटिबायोटिकसारख्या नाहीत, कोर्स संपला की विषय संपला असं इथे होत नाही. मेंदूतल्या पेशी अचानक एकदम भडकतात ते भडकणं गोळी दाबून धरते, ते का होतंय ते मूळ कारण काढत नाही. म्हणजे फिट येत नाहीये याचा पहिला अर्थ गोळी काम करतेय असा घ्यायचा. नीट उपचार मिळाले तर १०० पैकी साधारण ७० जणांच्या फिट पूर्ण थांबू शकतात, आणि गंमत म्हणजे याच लोकांना हा मेसेज सगळ्यात जास्त पटतो, कारण त्यांना बरं वाटत असतं.

मग गोळ्या जन्मभर का? नाही, असंही नाही. साधारण २ वर्षं एकही फिट नसेल तर बंद करायचा विचार डॉक्टर करतात, पण तेव्हा नुसते महिने मोजत नाहीत, मिरगी कुठल्या प्रकारची, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) कसा, एमआरआयमध्ये काही आहे का, माणूस गाडी चालवतो का, सगळं बघतात. लहान मुलांमधली रोलँडिक नावाची मिरगी बहुतेक वेळा वयात येताना आपोआप जाते. याउलट किशोरवयात सुरू होणारी जुव्हेनाइल मायोक्लोनिक, जिच्यात सकाळी उठल्यावर हाताला झटका बसून हातातला कप उडतो, ती वर्षानुवर्षं शांत असते आणि गोळी काढली की पुष्कळ जणांना परत येते. दोघांना एकच नियम लावणारा मेसेज कसा काय बरोबर असेल?

आणि बंद करतात तेव्हाही हळूहळू, काही आठवडे नाहीतर काही महिने घेऊन, दोन-तीन औषधं असतील तर एकावेळी एकच कमी करत. एकदम थांबवलं तर फिटमागून फिट अशी लाइन लागू शकते, मधे शुद्धच येत नाही, याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात आणि यात जीव जाऊ शकतो. कुठलीही मोठी फिट ५ मिनिटांच्या वर गेली तर ती इमर्जन्सी, कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका (गोळी तर अजिबातच नाही) आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. अजून एक गोष्ट घरात कुणी बोलत नाही पण माहीत असावी, मिरगी असलेल्या मोठ्या माणसांमध्ये वर्षाला १००० मागे साधारण १ जण अचानक, बरेचदा झोपेत, दगावतो, आणि मोठ्या फिट कंट्रोलमध्ये नसणं हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण धरतात. स्लो पॉयझन कशाला म्हणायचं ते आता तुम्हीच ठरवा.

“लिव्हर जातं, किडनी जाते”

इथे थोडं खरं आहे, म्हणूनच ते गळी उतरतं. व्हॅल्प्रोएट नावाच्या फिटच्या औषधाने क्वचित लिव्हरला गंभीर त्रास होतो, धोका जास्त दोन वर्षांखालच्या मुलांना, त्यातही एकापेक्षा जास्त औषधं चालू असतील किंवा काही जन्मजात आजार असेल तर, आणि बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, म्हणून तर सुरुवातीला रक्त तपासतात. पण “सगळ्या गोळ्या” म्हणणं चूक. लेव्हेटिरासिटॅम या दुसऱ्या औषधाचा लिव्हरशी फारसा संबंधच येत नाही, ते बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी ठेवतात. किडनी खराब होऊ नये म्हणून गोळीच बंद करा असा त्याचा अर्थ होत नाही.

खरे साइड इफेक्ट वेगळेच आहेत आणि मेसेजमध्ये त्यांचा पत्ता नाही. लेव्हेटिरासिटॅमवर माझा भाऊ इतका चिडचिडा झाला की साध्या हाकेवर अंगावर यायचा, आम्हाला वाटायचं ऑफिसचं टेन्शन, पण वहिनीने तारखा लिहून ठेवल्या होत्या आणि डोस वाढवल्यापासूनच हे सुरू झालं ते त्या कागदावर सरळ दिसलं. डॉक्टरांनी गोळीत बदल केला आणि माणूस जागेवर आला. मन फार उदास होणं, जगणं नको वाटणं हेही काही जणांना होतं, ते लपवायचं नाही. फेनिटॉइनचं वेगळं, त्याला पचवायची लिव्हरची क्षमता एका पातळीला संपते, मग डोस थोडासाच वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम उसळते, माणूस दारू प्यायल्यासारखा झुलत चालतो, डोळे बारीक थरथरतात, एकाचे दोन दिसतात. लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ आलं, त्यात ताप, तोंडात फोड, डोळे लाल असं काही असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर नाहीतर हॉस्पिटल गाठायचं, पुढची गोळी घ्यायची की नाही ते तिथेच ठरेल.

“सवय लागते”

नशा करावीशी वाटणं या अर्थाने बहुतेक गोळ्यांची सवय लागत नाही. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम, फेनोबार्बिटोन यांना शरीर सरावतं हे खरं. पण मग तर त्या जास्तच हळू सोडवाव्या लागतात, म्हणजे हा मुद्दा मेसेजच्याच विरुद्ध जातो.

“डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल”

नाही. साधारण नियम असा की आठवलं की घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकत्र घेऊ नका. औषधाप्रमाणे थोडा फरक पडतो म्हणून “डोस राहिला तर काय करू” हे आधीच विचारून प्रिस्क्रिप्शनवर लिहून घ्या. लॅमोट्रिजिन पाचेक दिवस सलग राहिलं असेल तर जुना डोस तसाच परत चालू करायचा नाही, आधी फोन करायचा, कारण बऱ्याचदा ते परत छोट्या डोसपासून चढवावं लागतं, नाहीतर तेच पुरळाचं लफडं. आम्ही वारांचे कप्पे असलेला डबा वापरतो, घेतली का नाही हा वाद संपला, कप्पा रिकामा तर घेतली. आणि हो, सीआर, ईआर लिहिलेल्या गोळ्या कुटून देऊ नका, त्या हळूहळू सुटायला बनवलेल्या असतात.

“प्रेग्नंट कळलं की त्याच दिवशी बंद”

यामागची भीती खोटी नाही. व्हॅल्प्रोएट पोटात असताना मिळालेल्या १०० बाळांपैकी साधारण १० मध्ये जन्मजात व्यंग दिसतं, एरवी हा आकडा २ ते ३ असतो, आणि ३० ते ४० मुलांमध्ये पुढे बोलणं, शिकणं, वाढ यात अडचणी दिसतात. म्हणूनच युरोपात २०१८ पासून मूल होऊ शकणाऱ्या बायकांना ते द्यायचे नियम एकदम कडक केले. पण उत्तर “आज बंद” हे नाही. मोठी फिट आली, आई पडली, ऑक्सिजन कमी झाला तर ते बाळालाही भोगावं लागतं. खरं उत्तर दिवस जायच्या आधी आहे: प्लॅनिंग करतानाच न्यूरोलॉजिस्टना सांगा, लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅमसारख्या त्यामानाने सुरक्षित औषधावर जाता येतं का बघा, फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करा. न ठरवता दिवस गेले तरी गोळी चालू ठेवूनच तातडीने भेटा. लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी गरोदरपणात घसरते, डोस वाढवावा लागू शकतो, म्हणजे मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलट. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोनमुळे त्यांचा परिणाम कमी होतो.

“नैसर्गिक पावडर घ्या, फिट गायब”

पावडरने कधीकधी फिट खरंच थांबतात, आणि तिथेच शंका यायला पाहिजे. अशा “हर्बल” पुड्या लॅबमध्ये तपासल्यावर त्यात फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ज्याला पॉयझन म्हणून बंद करायला लावलं तेच परत, फक्त लेबल नाही, मिलिग्राम नाही, आणि या पुडीत किती पुढच्या पुडीत किती कुणालाच माहीत नाही. त्यामुळे घरात कुणी अशी पावडर घेत असेल तर रागाच्या भरात ती फेकून एकदम बंद करू नका, आत फेनोबार्बिटोन असेल तर तीही एकदम सोडणं तितकंच धोक्याचं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.