फॉग लाइट बंद कधी करायचा?

धुक्यात लावायच्या दिव्यावर, म्हणजे फॉग लाइटवर, तुमचा लेख वाचला. तो कधी लावायचा हे त्यात नीट आलंय, पण बंद कधी करायचा तेही लिहायला हवं होतं. पावसाळ्यात गगनबावड्याच्या करूळ घाटात धुकं उतरलं की हाय बीमचा उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. फॉग लाइट बंपरात खाली असतो, झोत रुंद आणि आडवा, त्यामुळं रस्त्याची कड दिसते. लो बीमसोबत तोच लावावा. पण घाटातून येताना साळवण, कळे ही गावं मागं पडली, हवा स्वच्छ झाली, तरी कोल्हापुरात रंकाळ्यापर्यंत लोक तो चालूच ठेवतात! गाडीच्या मागचा लाल फॉग लाइट तर जास्त त्रासदायक. ब्रेक लाइटइतकाच प्रखर, त्यामुळं पुढच्यानं ब्रेक दाबला तरी पटकन कळत नाही. आणि घाटात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका हो, कुठं वळणार तेच समजत नाही.